१८ हजारांची रिकामी बाटली (तातडीचा प्रश्न, बडोदेकर आधी)

रावपुऱ्याची_पोर
१६ जानेवारी, दुपारी १२.१०

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर. लॅबमध्ये आज विचारावं असं कुणी नाही. निम्मे अजून गावाहून आले नाहीत, उरलेल्यांच्या बोटांना मांज्याच्या पट्ट्या आहेत.

नोव्हेंबरात मी रिकॉम्बिनंट ह्यूमन एफजीएफ-२ (पेशींना वाढायला लावणारं एक प्रोटीन) मागवलं होतं. १० मायक्रोग्रॅम, १८ हजार रुपये. लेबलवर 'फक्त संशोधनासाठी', ई. कोलाय जिवाणूत तयार केलेलं, शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर, कॅरियर नाही. दीड महिना वाट बघायला लावून पार्सल आलं कधी, तर १३ तारखेला संध्याकाळी साडेसहाला! आम्ही सगळे तोवर घरी, फिरक्या घेऊन. १४ ला उत्तरायण, १५ ला वासी उत्तरायण. त्या दोन दिवसांत बडोद्यात दूधवाला येतो हेच पुष्कळ.

आज गेले तर गेटवरच्या काकांनी खोकं हातात दिलं. आतले जेलपॅक पार कोमट. त्याहून वाईट म्हणजे बाटलीत काहीच नाही. खिडकीशी धरून पाहिली, मोबाइलच्या टॉर्चने पाहिली, काळ्या कागदावर ठेवून पाहिली. पावडर नाही, कण नाही, डाग नाही.

प्रश्न दोन. (१) बाटली रिकामी आली आहे का? (२) नसेल, तर तीन रात्री बाहेर राहिलेलं प्रोटीन वापरू की गाइडना खरं सांगून टाकू?

खवचट_काका
१२.२२

भंगारवाल्याला विचारा. रिकाम्या बाटलीचे तो उलट तुम्हाला पैसे देईल.

सेव_उसळ
१२.२५

उंधियो घरचा की विकतचा, ते आधी सांगा. बाकी नंतर पाहू.

पेशीपुराण
१२.४१

पोरी, बाटली उघडू नकोस! उघडली असशील तर आत्ता सांग.

रिकामी नाहीये ती. पहिल्यांदा मागवणारा प्रत्येक जण असाच घाबरतो. मी २००६ मध्ये घाबरले होते आणि कंपनीला सणसणीत मेलही लिहिला होता, त्याची आजही लाज वाटते. १० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? साखरेचा एक दाणा अर्धा मिलिग्रॅम धर. त्याचे ५० तुकडे कर. त्यातला एक तुकडा म्हणजे तुझं प्रोटीन, आणि तेही खड्यासारखं एका जागी नाही. द्रावण गोठवून निर्वात करून वाळवतात तेव्हा ते काचेवर सायीहून पातळ थर होऊन बसतं. कधी तळाशी, कधी भिंतीला आणि प्रवासात हिंदकळून पुष्कळदा झाकणाला. म्हणून म्हणते, उघडू नकोस. झाकण काढलंस की त्याला चिकटलेला माल टेबलावर. आधी बंद बाटलीच सेंट्रिफ्यूजमध्ये १०-२० सेकंद फिरवून घे.

कोमट जेलपॅकचं फार मनाला लावून घेऊ नकोस. कोरडं प्रोटीन आणि पाण्यातलं प्रोटीन ही दोन वेगळी माणसं आहेत. कोरड्यात रेणूला हलायला जागा नसते, एकमेकांना चिकटून गोळे व्हायला वाव नसतो. अशा कितीतरी प्रोटीनांच्या माहितीपत्रकात खोलीच्या तापमानाला दोन-तीन आठवडे चालेल असं लिहिलेलं असतं. तुझ्या पत्रकात काय आहे ते वाच. आणि जानेवारीतलं बडोदं म्हणजे काही मे महिना नव्हे.

खोकं उन्हात होतं का, एवढंच विचार.

रावपुऱ्याची_पोर
१.०५

नाही उघडली! खूप आभार ताई.

गेटवर जाऊन विचारलं आत्ता. काका म्हणाले, "बेन, ठंडुं राखवानुं लख्युं'तुं." खोक्यावर थंड ठेवा असा स्टिकर होता म्हणून त्यांनी ते केबिनमध्ये पाण्याच्या मटक्याला टेकवून ठेवलं होतं आणि वर ओला पंचा. तिन्ही दिवस. संध्याकाळी पंचा पुन्हा भिजवायचे. पुठ्ठा एका बाजूने फुगला आहे त्याचं कारण आत्ता कळलं. मी सकाळी त्यांच्यावर वैतागले होते. उद्या चिक्की नेते.

गोत्रीकर
१.११

काकांना लॅब मॅनेजर करा.

दांडियाबाजार
१.३०

अनुमोदन. आमच्याकडे फ्रीज येईपर्यंत आजीचं लोणी असंच टिकायचं.

शंका: 'ह्यूमन' म्हणजे काय हो? कुणा माणसातून काढतात का? माझ्या आईने मागून वाचलं आणि आता जेवत नाहीये.

पेशीपुराण
१.५२

आईंना सांगा, यात कुठलाही माणूस नाही. आजी गेली, पाककृतींची वही राहिली, त्या वहीवरून तुम्ही भाकरवडी केलीत, तर भाकरवडीत आजी नसते. माणसाच्या पेशीत हे प्रोटीन बनवण्याची जी कृती डीएनएत लिहिलेली असते, तेवढी कृती बॅक्टेरियाला वाचायला देतात. तो आपला रात्रभर रांधत बसतो. रिकॉम्बिनंट ते एवढंच.

आधीची पद्धत ऐकलीत तर आई पुन्हा जेवायच्या थांबतील. १९७० च्या दशकात हा घटक गायीबैलांच्या पिट्युटरी ग्रंथीतून आणि मेंदूतून वेगळा काढत. त्यावर गोस्पोदारोविच यांचा १९७४ चा शोधनिबंध आहे. इन्सुलिनचंही तेच, डुकरांचं आणि गायींचं स्वादुपिंड.

नाना_अकोटा
२.२०

इन्सुलिनचा विषय निघाला म्हणून. मानवी इन्सुलिन बॅक्टेरियात केलं १९७८ साली, जेनेनटेकने. दोन साखळ्या वेगवेगळ्या जिवाणूंत बनवून मग जोडल्या. १९८२ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजुरी. मी तेव्हा इथल्याच एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीला होतो. ती बातमी कँटीनमध्ये वाचली तेव्हा आमचे साहेब म्हणाले होते, "बॅक्टेरिया मारायचे कारखाने आपण काढले, आता पाळायचे काढावे लागणार." बडोद्याला ॲलेंबिक १९०७ सालापासून आहे, साराभाई केमिकल्स होतं, त्यामुळे औषधनिर्मिती इथल्या घराघरात. पण ते वाक्य मला अजून आठवतं.

असो. मुख्य मुद्दा. १० मायक्रोग्रॅमला १८ हजार, म्हणजे ग्रॅमला १८० कोटी. स्वतः का करत नाही? जनुक प्लाझ्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या वर्तुळात) घाला, ते बीएल२१ या ई. कोलायमध्ये टाका, प्रोटीन बनवायचा इशारा म्हणून आयपीटीजी द्या, हेपॅरिनच्या कॉलमवरून शुद्ध करा. एफजीएफ-२ हेपॅरिनला घट्ट धरतं, फुकटचा फायदा आहे. एका लिटरला काही मिलिग्रॅम मिळालं तरी शेकडो बाटल्या झाल्या.

उंदीरमामा
२.३८

नानासाहेब, आदरपूर्वक असहमत. हे करण्यात माझे सात महिने गेले. (एफजीएफ नव्हे, दुसरं एक, नाव काढलं की पोटात गोळा येतो.) जिवाणूने प्रोटीन भरपूर केलं, पण ते घडी न पडलेलं, गोळा होऊन बसलेलं. सेंट्रिफ्यूजच्या नळीत तळाशी दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा थर. तो युरियात विरघळवा, मग युरिया हळूहळू काढून घडी पडण्याची वाट पाहा. दर वेळी सकाळी येऊन बघावं तर डायलिसिसच्या पिशवीत पुन्हा चोथा. शेवटी गाइडनीच बाटली मागवली. शिष्यवृत्तीच्या सात महिन्यांचा हिशोब धरला तर १८ हजार म्हणजे बक्षीस.

नाना_अकोटा
२.४५

तुमचं प्रोटीन अडेल असेल. एफजीएफ-२ बऱ्यापैकी विरघळलेलं मिळतं.

उंदीरमामा
२.४९

मिळेलही. पण एंडोटॉक्सिनचं काय? ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणाचा तुकडा आहे तो, आणि एफजीएफ-२ सारख्या धनभारित प्रोटीनला मुंगळ्यासारखा चिकटतो. फायब्रोब्लास्ट (त्वचेसारख्या ऊतींतल्या पेशी) फारसे तक्रार करणार नाहीत, पण मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या पेशींवर) टाकून बघा. तुम्हाला वाटेल प्रोटीनने केवढा परिणाम केला, आणि करणारा असेल हा चिकटून आलेला पाहुणा. विकतच्या बाटलीच्या पत्रकावर मायक्रोग्रॅममागे एंडोटॉक्सिनचे युनिट छापलेले असतात, आपण पैसे त्याचे मोजतो.

मंजुषा_म
३.१५

अवांतर, पण राहवत नाही. हे एंडोटॉक्सिन तपासायला ज्या प्राण्याचं रक्त वापरतात तो हॉर्सशू क्रॅब. नाव क्रॅब, पण नातं खेकड्यापेक्षा कोळी-विंचवांशी. रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं. आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतो, चांदीपूरला मी पाहिला आहे. पालथ्या घातलेल्या लोखंडी कढईला शेपटी फुटावी तसा दिसतो. जिवाणूच्या आवरणाचा अंश लागला की त्याचं रक्त गोठतं, ही गोष्ट बँग यांनी १९५६ मध्ये नोंदवली आणि पुढे लेव्हिन यांच्यासोबत त्याची चाचणी झाली.

आणि आता गंमत: त्या रक्तातला नेमका घटक, फॅक्टर सी, सिंगापूरच्या संशोधकांनी रिकॉम्बिनंट करून दाखवला. म्हणजे प्रोटीन तपासायलाही प्रोटीन, तेही वहीवरून रांधलेलं.

सेव_उसळ
३.२०

निळ्या रक्ताचे लोक बडोद्यात पूर्वी राजवाड्यात राहत असं ऐकलं होतं.

पेठेतला_एक
४.०२

चर्चा उत्तम. पण 'रिकॉम्बिनंट', 'कॅरियर', 'एंडोटॉक्सिन'... मराठी संस्थळ ना हे? पुनःसंयोजित प्रथिन म्हणायला काय जीभ अडखळते?

दांडियाबाजार
४.१०

आले पुणेकर.

खवचट_काका
४.१३

गेटवरच्या काकांना 'पुनःसंयोजित प्रथिन' सांगितलं असतं तर त्यांनी ते देवघरात ठेवलं असतं.

मंजुषा_म
४.३०

पेठेतला, शब्द घडवण्यात बडोद्याला कुणी शिकवू नये. सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' काढला, एकेका शब्दाला आठ भाषांतले पर्याय. कलाभवन त्याच्याही आधीचं, १८९० चं, तिथे तंत्रशिक्षण देशी भाषेत. पण तेव्हाही सुतार शाळेत काही म्हणो, दुकानात रंध्याला रंधाच म्हणायचा. आम्ही लॅबमध्ये 'प्रोटीन' म्हणतो, लेख लिहिताना 'प्रथिन'. दोन्ही मराठीच.

पेठेतला_एक
४.४१

रंधा पटला. माघार.

सूरसागर_काठी
रात्री ९.१८

मी विज्ञानातला नाही, वय ६३, गुडघे गेले आहेत. नेटवर वाचलं की हे ग्रोथ फॅक्टर पेशी वाढवतात, जखमा भरतात. संशोधनाचं असलं तरी ९५ टक्के शुद्ध आहे म्हणता. मग थोडं गुडघ्यात टोचून घेतलं तर? ओळखीचा कंपाउंडर आहे. चेष्टा नाही, खरंच विचारतोय.

पेशीपुराण
९.३३

काका, नाही. अजिबात नाही.

९५ टक्के शुद्ध म्हणजे पाच टक्के काय आहे ते ठाऊक नाही. 'फक्त संशोधनासाठी'चा अर्थ असा की माणसाच्या शरीरात जाणाऱ्या वस्तूला ज्या चाचण्या लागतात, निर्जंतुकपणाच्या, मात्रेच्या, दर घाणा सारखा निघतो की नाही याच्या, त्या यावर केलेल्याच नाहीत. हेच एफजीएफ-२ जपानमध्ये २००१ पासून औषध आहे, न भरणाऱ्या त्वचेच्या जखमांवर फवारायचं. पण ते औषध म्हणून बनवलं, औषध म्हणून तपासलं आणि डॉक्टर देतात. रेणू तोच, बाटली वेगळी. शिवाय वाढवणारा घटक सांगेल तेवढंच वाढवतो असं नाही. अस्थिरोगवाल्यांना भेटा आणि कंपाउंडरला लांब ठेवा.

सूरसागर_काठी
९.४०

बरं. सांगितलंत ते बरं केलंत. रविवारी दाखवतो.

गोत्रीकर
९.५५

काका, आमच्या बाबांचा गुडघा बदलला मागच्या वर्षी, आता कमाटीबागेला पूर्ण चक्कर मारतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

रावपुऱ्याची_पोर
१७ जानेवारी, सकाळी १०.०५

बाटली फिरवून घेतली. आता किती पाणी घालू? आणि ते चांगलं आहे की नाही हे ओळखायचं कसं? सीनियर म्हणतो जेल चालव (त्यात प्रोटीन वजनानुसार पट्ट्यांत वेगळी होतात), एक पट्टी दिसली की झालं.

उंदीरमामा
१०.२०

जेल नको! १० मायक्रोग्रॅममधलं जेलवर किती उधळणार? आणि जेलवर प्रोटीनची घडी मोडूनच पळवतात. मेलेलं आणि जिवंत एफजीएफ दोन्ही १७ किलोडाल्टनला सारखंच दिसेल. मढ्याचंही वजन तेवढंच भरतं.

नाना_अकोटा
१०.२६

तुटलं असेल तर जेलवर कळेल. अगदीच निरुपयोगी नाही.

पेशीपुराण
१०.५८

दोघंही बरोबर, पण हिच्याकडे एकच बाटली आहे.

असं कर. १०० मायक्रोलिटर निर्जंतुक बफर, पत्रकात सांगितला असेल तोच, भिंतीवरून हळू सोड. म्हणजे मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम झालं. व्हॉर्टेक्स करायचं नाही! ताक घुसळायचं नाहीये आपल्याला. फेस झाला की हवेच्या कडेला प्रोटीन उलगडतं. दहा मिनिटं तसंच ठेव, बोटांत धरून गोल फिरव, झाकणाच्या आतलाही भाग ओला होऊ दे.

पुढे पातळ करशील ते ०.१ टक्का अल्ब्युमिन घालूनच. तुझ्यात कॅरियर नाही म्हणजे सोबतीचं प्रोटीन नाही. अशा पातळ द्रावणात नळीचं प्लॅस्टिकच निम्मा माल गिळतं. अल्ब्युमिन घातलं की ते आधी भिंतीला जाऊन बसतं आणि तुझं वाचतं. मग एका प्रयोगाला पुरेल एवढे छोटे भाग करून उणे ८० ला. एक भाग एकदाच वितळवायचा, उरला तर फेकायचा. आपोआप बर्फ काढणाऱ्या घरगुती फ्रीजरमध्ये अजिबात ठेवू नकोस, तो गुपचूप गरम-गार होत असतो.

चाचणी: ३टी३ पेशी (उंदराचे फायब्रोब्लास्ट) आहेत ना? रात्रभर सीरम कमी करून उपाशी ठेव. सकाळी एफजीएफ दे, १० मिनिटांनी पेशी फोड आणि फॉस्फो-ईआरकेचा (पेशीत निरोप पोचला की चालू होणाऱ्या प्रोटीनचा) वेस्टर्न कर, म्हणजे ते पट्टीच्या रूपात दिसेल. प्रोटीन जिवंत असेल तर १० मिनिटांत निरोप पोचतो. जोडीला पेशींची वाढही मोज, पण त्याला दोन-तीन दिवस लागतील. आणि तुलनेला चांगलं ठाऊक असलेलं जुनं एफजीएफ हवंच. आहे का?

रावपुऱ्याची_पोर
११.०४

आहे! आधीच्या बाटलीची एक नळी माझ्याच खोक्यात आहे, जिवापाड जपलेली. गेले तीन महिने तीच वापरतेय.

पेशीपुराण
११.०६

तीच? एकच नळी?

रावपुऱ्याची_पोर
११.०७

हो. का?

पेशीपुराण
११.०९

काही नाही. दोन्ही लाव.

नाना_अकोटा
११.३०

आणि लक्षात असू दे, माध्यमात घातल्यावर ३७ अंशाला एफजीएफ-२ एका दिवसात बरंचसं मावळतं. म्हणून स्टेमसेलवाले रोज ताजं घालतात. नऊ अमिनो आम्लं बदलून टिकाऊ केलेला एक प्रकारही आता निघाला आहे. आमच्या वेळी असतं तर...

खवचट_काका
११.३३

नाना, तुमच्या वेळी सगळंच टिकाऊ होतं ना?

सेव_उसळ
१९ जानेवारी, रात्री ८.४५

धागाकर्ती कुठे गायब? जीव टांगणीला. मी तर पेशींच्या नावाने सेव उसळ सोडली आहे.

गोत्रीकर
८.५०

खोटं. संध्याकाळीच कीर्तिस्तंभापाशी पाहिलं तुला, तर्री वाढवून मागत होतास.

सेव_उसळ
८.५२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

रावपुऱ्याची_पोर
२२ जानेवारी, रात्री ११.३७

आले. बसून वाचा.

काल वेस्टर्न झाला. पाच रकाने. पहिला उपाशी पेशींचा, काही न देता: फॉस्फो-ईआरके जवळजवळ नाही. दुसरा-तिसरा नव्या बाटलीचा, मिलिलिटरला १ आणि १० नॅनोग्रॅम: जाड, काळ्याकुट्ट पट्ट्या, काजळाच्या बोटाने ओढाव्यात तशा. मटक्याशेजारी तीन रात्री काढलेलं प्रोटीन ठणठणीत आहे.

चौथा-पाचवा माझ्या जपलेल्या नळीचा. तेच दोन डोस. १ ला काहीच नाही. १० ला डोळे बारीक केले तर सावली दिसल्याचा भास. एकूण ईआरके पाचही रकान्यांत सारखं, म्हणजे पेशी कमीजास्त घेतल्या असंही नाही. आज वाढ मोजली, तेच. प्लेटच्या खळग्यांत पेशी जितक्या जास्त तितका रंग गडद: नव्या बाटलीच्या विहिरी गर्द जांभळ्या, जुन्या नळीच्या फिक्या, उपाशी पेशींसारख्याच.

नळी खोक्यातून काढून पाहिली. मी चांगली मुलगी असल्यामुळे प्रत्येक वेळी वितळवली की झाकणावर एक टिंब देत होते. टिंबं मोजली. १४. अल्ब्युमिन घातलं होतं का ते वहीत पाहिलं, नव्हतं. आणि हे पातळ द्रावण होतं, मूळ बाटलीचं नव्हे.

म्हणजे ऑक्टोबरपासून 'एफजीएफला माझ्या पेशी प्रतिसाद देत नाहीत' असं जे मी गाइडना आलेखासकट सांगत होते, ते...

उंदीरमामा
११.४४

अरे देवा.

पेशीपुराण
११.४९

मला 'एकच नळी?' विचारतानाच वाटलं होतं, पण बघितल्याशिवाय बोलवेना. असू दे. आपण सगळे एकदा यातून जातो, माझी टिंबं तर लिहिलेलीही नव्हती. किती प्रयोग गेले?

रावपुऱ्याची_पोर
११.५३

सहा. पैकी एक पोस्टरवर आहे. पोस्टर जिन्यात लावलेलं आहे.

खवचट_काका
११.५५

पतंग करा त्याचा.

रावपुऱ्याची_पोर
२३ जानेवारी, सकाळी ९.१२

सकाळी लवकर जाऊन पोस्टर उतरवलं. गेटवरच्या काकांनी विचारलं, "शुं थयुं बेन, पेलुं ठंडुं राखेलुं बगडी गयुं?" म्हटलं नाही काका, तुमचं उत्तम राहिलं, माझं बिघडलं. त्यांना काही कळलं नाही, चिक्की मात्र घेतली.

गाइडची वेळ ११ ला आहे. नव्या बाटलीचे २० भाग करून उणे ८० ला ठेवले आहेत.